मागितली म्हणून फाशी?

२० जुलै २००९ रोजी आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात मुंबईवरच्या हल्ल्यातला आरोपी अजमल कसाब अचानक उभा राहिला आणि गुन्हा कबूल आहे म्हणाला. मे महिन्यात त्यानेच सगळे आरोप नाकारले होते. दोन दिवसांनी तो आणखी पुढे गेला. फाशी चुकवण्यासाठी हा कबुलीचा डाव आहे असं कुणाला वाटत असेल तर खुशाल फाशी द्या, वरच्या दरबारातल्या शिक्षेपेक्षा इथली पत्करली, अशा आशयाचं बोलला. त्या आठवड्यात मुंबईत लोकलच्या डब्यापासून सोसायटीच्या जिन्यापर्यंत एकच सवाल ऐकू येत होता. आता खटला कशाला? तोच म्हणतोय ना फाशी द्या, मग देऊन टाका!

न्यायाधीश मदन टहलियानी यांनी ती देऊन टाकली नाही. कबुलीत सगळ्या आरोपांचा स्वीकार नाही, ती नोंदीवर राहील आणि खटला पुढे चालेल, असा त्यांनी आदेश दिला. सरकारी वकील उज्ज्वल निकम हेही कबुलीवर खटला गुंडाळायला तयार नव्हते आणि त्याला कारण होतं. कसाबने गुन्हा कबूल करताना गोळीबाराचा बराचसा भार मेलेल्या साथीदारावर, अबू इस्माईलवर ढकलला होता. म्हणजे ज्या कबुलीला लोक शरणागती समजत होते, ती नीट वाचली तर बचावच होती.

‘तोच म्हणतोय ना’ हा युक्तिवाद तेव्हा संपला नाही. अंगावर काटा आणणारा खून झाला आणि आरोपी कोर्टात ‘मला जगायचं नाही’ म्हणाला की तो पुन्हा उगवतो. चारचौघांतच नव्हे, चांगल्या शिकल्यासवरल्या, कायदा जाणणाऱ्या माणसांच्या तोंडीही. त्यांची मांडणी अर्थात जास्त घोटीव असते : माणूस सज्ञान आहे, शुद्धीवर आहे, आपल्या कृत्याची किंमत तो स्वतः ठरवतोय; त्याचं अपील, त्याचा दयेचा अर्ज त्याच्या गळ्यात मारणारे तुम्ही कोण? या मांडणीत स्वातंत्र्य आहे, प्रतिष्ठा आहे, पश्चात्तापाचा सुगंधही आहे. मला ती साफ चूक वाटते. मी स्वतः फाशीच्या विरोधात आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण इथे जे म्हणायचं आहे ते फाशीच्या कट्टर समर्थकालाही मान्य व्हायला हरकत नसावी. आरोपीने फाशी मागितली, या गोष्टीला शिक्षा ठरवताना काडीचंही वजन नसावं. फाशीच्या बाजूने नको आणि विरुद्धही नको.

कसाबचंच पुढे काय झालं ते आधी पाहू. जुलैमध्ये ‘फाशी द्या’ म्हणणारा कसाब डिसेंबरमध्ये उलटला. आपण हल्ल्याआधीच मुंबईत आलो होतो, सिनेमाच्या ओढीने आलो होतो, पोलिसांनी उचलून गोवलं, कबुली मारहाणीने घेतली, असं त्याने सांगितलं. मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, फेब्रुवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यानंतर याच माणसाने राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज पाठवला. तो फेटाळला गेला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी दिली. यातला खरा कसाब कोणता मानायचा? जुलैतला, डिसेंबरातला, की दयेच्या अर्जाखाली नाव असलेला? न्यायालयाला हा प्रश्न सोडवावाच लागला नाही, हेच टहलियानींच्या आदेशाचं यश. शिक्षा उभी होती ती साक्षीदारांवर, सीएसटीतल्या छायाचित्रांवर, हल्लेखोर आणि त्यांचे सूत्रधार यांच्यातल्या फोनवरच्या संभाषणांवर. कबुली काढून घेतली तरी एक वीट हलली नाही. जुलैतच ‘मग देऊन टाका’ झालं असतं, तर सीमेपलीकडच्या कटाचा जो पुरावा भर न्यायालयात, उलटतपासणी सोसून सिद्ध झाला, तो एका पोराच्या लहरी जबानीवर लोंबकळत राहिला असता. हल्ल्यात १६६ माणसं गेली. त्यांच्या नातेवाइकांना त्याहून भक्कम काहीतरी मिळणं हा त्यांचा हक्क होता.

आणि खर्चाचा हिशेब मांडणाऱ्यांसाठी जाता जाता एवढंच. कसाबच्या मटण बिर्याणीवर या देशात जेवढा संताप झाला, तेवढा क्वचितच कशावर झाला असेल. ती बिर्याणी त्याने मागितलीही नव्हती आणि त्याला वाढलीही नव्हती, आपणच ते पिल्लू सोडलं होतं, असं निकम यांनी २०१५ मध्ये स्वतःच जाहीरपणे सांगितलं. पैशाच्या मुद्द्याचं वजन साधारण त्या बिर्याणीएवढंच आहे.

आता घोटीव मांडणीकडे. ती एका माणसाच्या निमित्ताने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातच झाली होती, तेव्हा प्रतिवादही तिथूनच सुरू करायला हवा. गॅरी गिल्मोर हा आयुष्याचा मोठा हिस्सा तुरुंगात काढलेला माणूस. जुलै १९७६ मध्ये युटा राज्यात लागोपाठच्या दोन रात्री त्याने दोन तरुणांना गोळ्या घातल्या. एक पेट्रोल पंपावर कामाला होता, दुसरा मोटेल सांभाळत होता. दोघांनी त्याच्या बंदुकीपुढे मुकाट मान तुकवली होती, तरी त्याने मारलं. या माणसाबद्दल मला कणव वाटावी असं काही नाही. ऑक्टोबरात प्रोव्होच्या कोर्टात एका खुनाचा खटला चालला आणि तीन दिवसांत दोषही ठरला, मृत्यूची शिक्षाही झाली. गुन्हा शाबीत करण्याच्या टप्प्यात बचाव पक्षाने एकही साक्षीदार उभा केला नाही. गिल्मोरने अपील करायला नकार दिला. युटात फास की गोळी हे निवडायची सोय होती; त्याने गोळी निवडली.

तो काळ लक्षात घेतला पाहिजे. जून १९६७ नंतर अमेरिकेत एकाही माणसाला मृत्युदंड दिला गेला नव्हता. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाचे मृत्युदंडाचे कायदे मोडीत काढले आणि २ जुलै १९७६ रोजी काही राज्यांचे नव्याने लिहिलेले कायदे ग्राह्य धरले. युटाचा नवा कायदा मात्र कोणत्याही वरिष्ठ न्यायालयाने अजून तपासलाच नव्हता. गिल्मोरच्या आईने वॉशिंग्टनला धाव घेतली. थोड्या दिवसांची स्थगिती मिळाली आणि १३ डिसेंबरला पाच विरुद्ध चार मतांनी ती उठली. मुख्य न्यायमूर्ती वॉरन बर्गर यांचं म्हणणं थोडक्यात असं, की गिल्मोरने आपले सगळे हक्क समजून-उमजून सोडले आहेत, तेव्हा त्याच्या वतीने भांडायला आईला जागा नाही. विरोधात गेलेल्या न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी साधा मुद्दा काढला. राज्यघटनेने जी शिक्षा मना केली असेल, ती द्यायचा अधिकार आरोपीच्या संमतीने सरकारला मिळत नाही. थर्गुड मार्शल यांनी त्याच्या पुढचं सांगितलं : क्रूर शिक्षेवरची बंदी ही एकट्या कैद्याची मालमत्ता नव्हे, सरकारने काय करू नये याबद्दल समाजाचाही तिच्यात वाटा आहे.

बर्गर यांच्या बाजूने बोलणारे मला नेहमी विचारतात की यात चुकलं काय. माझं उत्तर कायद्याच्या पुस्तकाबाहेरचं नाही. समजा एखादा चोर न्यायाधीशाला म्हणाला, मला तीन वर्षं नकोत, माझा उजवा हात तोडा, मी लेखी देतो. न्यायाधीश काय करेल? हात तोडण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही आणि चोराच्या सहीने तो निर्माण होत नाही. फाशीचंही तेच आहे. पुरावा आणि कायदा मिळून फाशीपर्यंत पोचत असतील तर आरोपीच्या संमतीची गरजच नाही. ते तिथपर्यंत पोचत नसतील तर उरलेलं अंतर संमतीने भरून काढता येत नाही. मग संमती नेमकं काम तरी कोणतं करते? एकच. पुरावा आणि कायदा पोचले की नाही हे तपासण्याची कटकट ती वाचवते. युटात तेच झालं.

आपल्याकडे तर दोन माणसांतली संमतीही खून धुऊन काढत नाही. अठरा वर्षांवरच्या माणसाने स्वतः ‘मला मार’ म्हटलं आणि कुणी मारलं, तर भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० च्या पाचव्या अपवादाने खुनाचा सदोष मनुष्यवध होतो. तो गुन्हाच राहतो. नव्या न्याय संहितेतही हा अपवाद तसाच आहे. शेजाऱ्याला ज्या संमतीचा आधार पुरत नाही, तो सरकारला कसा पुरावा?

इथे कुणी इच्छामरणाचा दाखला काढेल. ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मानला, आधी लिहून ठेवलेलं वैद्यकीय इच्छापत्रही मानलं. मग कैद्याचं इच्छापत्र का नको? फरक दिशेचा आहे. व्हेंटिलेटर नको म्हणणारा रुग्ण सांगतो, माझ्या अंगाला हात लावू नका. फाशी मागणारा सांगतो, हात लावा, आणि तो हात तुम्हा सर्वांचा असू दे. पहिल्याला नकाराचा हक्क आहे. दुसरा शासनाकडून एक कृती मागतो आहे आणि अशी मागणी करण्याचा हक्क आपल्या घटनेत कुठे नाही. १९९६ मध्ये ग्यान कौर प्रकरणात घटनापीठाने जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही हे स्पष्ट केलंच आहे.

‘शुद्धीवर असलेला सज्ञान माणूस’ या शब्दांकडेही जरा निरखून पाहावं. शिक्षेची तारीख पुढे गेली तेव्हा, १६ नोव्हेंबर १९७६ रोजी, गिल्मोरने कोठडीत गोळ्या घेऊन मरण्याचा प्रयत्न केला. त्याला इस्पितळात नेऊन वाचवलं. बरोबर महिन्याने त्याने पुन्हा तेच केलं. पुन्हा वाचवलं. १७ जानेवारी १९७७ च्या सकाळी तुरुंगाच्या आवारातल्या एका जुन्या शेडमध्ये खुर्चीला बांधून त्याला गोळ्या घातल्या. म्हणजे स्वतः मरायला निघाला तेव्हा तो आजारी, उपचाराचा धनी. सरकारच्या हातून मरायला निघाला तेव्हा समजूतदार, हक्क सोडायला समर्थ. माणूस तोच, महिना तोच. आपलाही कायदा या तिढ्यातून सुटलेला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असं उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरा आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी, उपचार करावेत. मग आरोपीच्या पिंजऱ्यातून ‘फाशी द्या’ म्हणणाऱ्याबद्दल हे गृहीतक का उडून जातं? तुरुंगात, वकिलाने पाठ फिरवलेली, घरचे भेटायला येत नाहीत, बाहेर गाव पेटलंय, अशा अवस्थेतल्या माणसाच्या तोंडून निघालेली मागणी आपल्याला एकदम थंड डोक्याची वाटते, कारण ती आपल्याला हवी तीच आहे. त्याने उद्या ‘मला सोडा’ म्हटलं, तर त्याच्या सज्ञानपणाचा आदर करायला कुणी पुढे येणार नाही.

आणि कबुली दिली म्हणून ती खरी, हेही गृहीत धरायला नको. टेक्सासात हेन्री ली ल्यूकसने शेकडो खून कबूल केले होते. त्यांतल्या एका अनोळखी तरुणीच्या खुनासाठी त्याला मृत्युदंड झाला. पुढे कामाच्या नोंदींवरून तो त्या वेळी फ्लॉरिडात असल्याचं दिसू लागलं आणि १९९८ मध्ये गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी शिक्षा जन्मठेपेत बदलली. बुश यांची या बाबतीतली ख्याती पाहता हा निर्णय किती अगतिक होऊन घेतला असेल! कबुली देणाऱ्याला बोलायला श्रोता हवा असतो, प्रसिद्धी हवी असते, कधी कोठडीतला एक कप कॉफीचा चांगुलपणाही पुरतो.

आपल्या फौजदारी प्रक्रियेने हे जुन्या काळापासून ओळखलं आहे आणि याचं श्रेय आपण स्वतःला फारसं देत नाही. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येऊच शकत नाही. जुन्या संहितेत कलम ३६६, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४०७. आरोपी अपील करो न करो, खंडपीठाला पुरावा स्वतः चाळावा लागतो. गुन्हा कबूल असला तरी दोषी ठरवायचं की नाही हे न्यायाधीशाच्या विवेकावर सोडलेलं आहे आणि खुनाच्या खटल्यात नुसत्या कबुलीवर दोषी ठरवू नये असा जुना प्रघात आहे. १९८० च्या बच्चन सिंग निकालाने ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणाची अट घातली, ती गुन्ह्याइतकीच गुन्हेगाराकडे पाहायला सांगते. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालात सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयांना बजावलं, की आरोपीची मानसिक स्थिती, घरची पार्श्वभूमी, तुरुंगातलं वर्तन हे सगळं शिक्षेआधी मागवा. ही सगळी जबाबदारी न्यायालयाची आहे. आरोपीने हात झटकले म्हणून न्यायालयाला झटकता येत नाहीत. गिल्मोरच्या घरातल्या मारहाणीची, बापाच्या क्रौर्याची कहाणी जगाला सविस्तर कळली ती १९९४ मध्ये, त्याच्या धाकट्या भावाने पुस्तक लिहिलं तेव्हा. तिने त्याची शिक्षा बदलली असती की नाही कुणी सांगावं. पण शिक्षा ठरवणाऱ्यांपुढे ती आधी यायला हवी होती.

यावर विरोधकांकडे एक दमदार उत्तर आहे आणि ते टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल. सगळेच कसाबसारखे उलटत नाहीत, काही जण शेवटपर्यंत ठाम राहतात. माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात भर रस्त्यात हत्या करणारे सुखदेव सिंग सुखा आणि हरजिंदर सिंग जिंदा यांनी न्यायालयात हत्या कबूल केली, तिचा अभिमान बाळगला, दया नाकारली, आणि ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवड्यात ते फासावर गेले. ना वेड, ना लहर, ना पस्तावा. मग इथे तरी त्यांच्या इच्छेला मान द्यायचा की नाही? नाही, आणि न्यायालयाने दिलाही नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, पुरावा तपासला गेला आणि मग जुलै १९९२ मध्ये फाशी कायम झाली. ती फाशी मला पटते की नाही हा वेगळा विषय. पण ‘त्यांनीच मागितली’ हा तिचा आधार नव्हता, आणि तसा असता तर ती भीषण गोष्ट ठरली असती. कारण अशा माणसाला फाशी ही शिक्षा वाटतच नाही. तो तिच्याकडे हौतात्म्याचं सिंहासन म्हणून पाहतो. शासनाने त्याच्या मागणीला मान देऊन फाशी दिली, तर शासन त्याच्याच नाटकात त्याने नेमून दिलेली भूमिका करत असतं. मराठी वाचकाला याचा सर्वांत जुना दाखला वेगळा सांगायला नको. नथुराम गोडसेने सिमल्याला अपील केलं ते कटाच्या आरोपापुरतं. खुनाचा दोष आणि फाशी यांना त्याने आव्हान दिलं नाही. युक्तिवाद मात्र स्वतः उभं राहून केला, कारण त्याला न्यायालय नको होतं, व्यासपीठ हवं होतं. त्याच अपिलात दोन सहआरोपी सुटले, हे सहसा कुणाच्या लक्षात नसतं. पुन्हा तपासण्याचा उपयोग असा होतो.

बलवंत सिंग राजोआनाचं प्रकरण तर या सगळ्या वादाचा जिवंत निकाल आहे. पंजाबचे मुख्यमंत्री बेअंत सिंग यांच्या १९९५ मधल्या हत्येत २००७ साली त्याला फाशीची शिक्षा झाली. त्याने वकील घेतला नाही, अपील केलं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये उच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली आणि त्याच निकालात, अपील करणाऱ्या जगतार सिंग हवाराची फाशी जन्मठेपेत बदलली. दोघांच्या भूमिका सारख्या नव्हत्या, हे मान्य. तरीही बाजू मांडणारा आणि न मांडणारा यांच्या नशिबातलं अंतर पाहून ज्याला अस्वस्थ वाटत नाही, त्याच्याशी वाद घालण्यात हशील नाही. ३१ मार्च २०१२ ही तारीख ठरली होती. तीन दिवस आधी केंद्राने ती थांबवली, कारण दयेचा अर्ज शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने केला होता, त्याने नव्हे. आणि २०२० मध्ये त्याच राजोआनाच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका आली : शिक्षा जन्मठेपेत बदला. मे २०२३ मध्ये न्यायालयाने ते नाकारून निर्णय पुन्हा सरकारकडे टोलवला. इतक्या वर्षांत माणूस बदलतो. २०१२ साली ‘त्याच्या इच्छेचा मान’ राखला असता, तर २०२० च्या इच्छेला जागाच उरली नसती.

आतापर्यंतचं सगळं आरोपीबद्दल झालं. खरी भीती वेगळीच आहे : ज्यांचा अजून खून झालेला नाही, त्यांच्याबद्दलची. मागितली की फाशी मिळते असा समज पसरला, तर मरायला निघालेल्या माणसाला खून हा मार्ग दिसू लागतो. ही कल्पना नव्हे. अठराव्या शतकातल्या डेन्मार्कमध्ये आत्महत्या म्हणजे नरक, पण पश्चात्ताप करून फासावर गेलेल्या खुन्याला मोक्ष, अशी श्रद्धा होती. म्हणून जीवनाला विटलेली माणसं एखाद्या लहान मुलाला मारायची आणि स्वतःहून हजर व्हायची. हे इतकं वाढलं की १७६७ मध्ये तिथल्या राजाला खास हुकूम काढावा लागला, की मरण मिळवण्यासाठी खून करणाऱ्याला मरण मिळणार नाही. हे तेव्हाचं झालं. आपल्या काळात जपानमध्ये मार्च २००८ मध्ये त्सुचिउराला मासाहिरो कानागावाने दोन जणांना मारलं आणि सात जणांना जखमी केलं. कारण त्यानेच दिलं : मला मरायचं होतं आणि मृत्युदंड हा त्यावरचा उपाय होता. न्यायालयाने दिला, त्याने अपील मागे घेतलं, फेब्रुवारी २०१३ मध्ये सरकारने त्याला फासावर चढवून त्याचा बेत तडीस नेला. फाशीने जरब बसते म्हणणाऱ्यांनी या प्रकरणाचं काय करायचं ते ठरवावं. ही जरब होती की आमंत्रण?

एवढं ऐकल्यावर काही जण दुसऱ्या टोकाला उडी मारतात. फाशी हवी आहे ना त्याला? मग देऊ नका, सडू द्या आत! यातही निर्णय आरोपीच्याच हाती जातो, फक्त उलटा. ज्याला मृत्यूची भीती त्याला मृत्यू, ज्याला जगण्याची भीती त्याला जन्मठेप, असा हिशेब मांडला तर न्यायाधीशाचं काम आरोपीच्या मनातली सर्वांत मोठी भीती शोधणं एवढंच उरतं. आणि आरोपी मूर्ख नसतात. हे कळलं की जगायला आसुसलेला प्रत्येक खुनी ‘फाशी द्या’ ओरडू लागेल. डॅनिश हुकमाची गोष्ट वेगळी होती. तो गुन्ह्याच्या आधी सर्वांना जाहीर केलेला नियम होता. समोर उभ्या माणसावर उगवलेला सूड नव्हता.

पश्चात्तापाचं काय, असं एक मऊ आवाजात विचारलं जातं. खरोखर पस्तावलेला माणूस सर्वांत कठोर शिक्षा मागणार नाही का? मागेल कदाचित. पण आपल्याच न्यायालयांनी पश्चात्ताप ही शिक्षा सौम्य करायची बाब मानली आहे. म्हणजे पस्तावलेला आणि म्हणून फाशी मागणारा माणूस त्याच पस्ताव्यामुळे फाशीतून सुटायला लायक ठरतो. जो अभिमानाने मागतो त्याची मागणी निर्लज्जपणा, जो रडत मागतो त्याची मागणी सुधारण्याची खूण. दोन्हींपैकी एकीतूनही फाशी निघत नाही. निघतं ते एवढंच, की मागणी बाजूला ठेवून बाकीचं पाहावं लागेल.

अमेरिकेत गिल्मोरनंतर जे झालं ते पाहिलं की बर्गर यांच्या पाच मतांची किंमत कळते. १९७७ पासून तिथे जेवढ्यांना मृत्युदंड दिला गेला, त्यांतल्या साधारण दहांपैकी एकाने अपील सोडून तो ओढवून घेतला. पेनसिल्व्हेनियात तीन जणांना मृत्युदंड दिला गेला आणि तिघेही असेच. ओरेगनमध्ये दोन, दोघेही असेच. कनेक्टिकटमध्ये १९६० नंतरचा एकमेव, २००५ मधला, तोही असाच. एरवी जी राज्यं हात आखडून बसली होती, त्यांना दार उघडून द्यायला मरू इच्छिणारा माणूस लागला. ओरेगनचे गव्हर्नर जॉन किट्झहॅबर हे पेशाने डॉक्टर. त्यांनी १९९६ आणि १९९७ मध्ये त्या दोघांना जाऊ दिलं होतं. २०११ मध्ये गॅरी हॉगन हा तिसरा कैदी मरायला तयार झाला, तेव्हा त्यांनी त्याला तहकुबी दिली. हॉगन कोर्टात गेला : ही दया मला नको, मी ती स्वीकारत नाही. २०१३ मध्ये ओरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तहकुबी लागू व्हायला कैद्याच्या स्वीकाराची गरज नाही. बर्गर यांना जे उत्तर १९७६ मध्ये मिळायला हवं होतं, ते सदतीस वर्षांनी एका राज्यातून आलं.

आपल्याकडे मात्र गेल्या दोन-तीन वर्षांत एक दार थोडं लोटलं गेलं आहे, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ नुसार दयेचा अर्ज स्वतः कैदी, त्याचा कायदेशीर वारस किंवा अन्य नातेवाईक करू शकतो, आणि त्याला तीस दिवसांची मुदत आहे. संस्था, वकील, तुरुंगातला समुपदेशक यांचा त्यात उल्लेख नाही. राज्यघटनेच्या कलम ७२ मधला राष्ट्रपतींचा अधिकार त्यामुळे आटत नाही हे खरं. पण फाइल पुढे सरकवायला कुणी तरी लागतं. ज्याने फाशी मागितली आहे तो अर्ज करणार नाही. त्याचे नातेवाईक बहुधा लाजेने किंवा भीतीने दूर गेलेले असतात. राजोआनासारखा कैदी उद्या नव्या संहितेखाली आला आणि त्याच्यामागे ना संस्था ना भाऊ, तर तीस दिवस संपतील आणि त्याच्या मौनालाच त्याची इच्छा समजून पुढची तारीख काढली जाईल. यावर उपाय अवघड नाही. फाशी कायम झाली की मुदत संपण्याआधी राज्य विधी सेवा प्राधिकरणाने कैद्याचं मानसिक मूल्यांकन जोडून स्वतःच अर्ज सादर करावा, आणि कैद्याचा नकार त्या फाइलमध्ये एक नोंद म्हणून राहावा, आदेश म्हणून नव्हे, एवढी एक पोटकलमाची दुरुस्ती पुरेशी आहे.